तरोट्याची पट्टी

माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत काय मिळत नाही, असा प्रश्न आमच्याकडं कुणी विचारत नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सुमारास लोह्याहून लातूरच्या वाटेवरच्या त्या माळावर घोडे येतात, उंट येतात, गाढवं येतात. लाल कंधारी खोंडांच्या तांबड्या रांगा लागतात. घोंगड्यांपासून कढयांपर्यंत आणि तमाशाच्या राहुट्यांपासून रहाटपाळण्यांपर्यंत सगळं असतं. एका अंगाला वैदूंची पालं पडतात. चादरीवर मुळ्या, साली, वाळलेल्या शेंगा मांडलेल्या असतात आणि दुखणं सांगायचा अवकाश की हात नेमका त्या ढिगावर जातो. त्या ढिगांत तरोट्याचं बी मात्र मी कधी पाहिलं नाही. वैदूला ते माहीत नाही असं कसं होईल? पण ज्या गिऱ्हाइकाच्या उकिरड्यावर ते झाड गुडघाभर माजलेलं आहे, त्याला ते विकायचं कसं?

मी लोह्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकानावर मुनीम होतो. ज्वारी, तूर, करडई, कापूस आणि पुढं सोयाबीन, असा माल जोखत आणि विक्रीच्या पट्ट्या फाडत माझं आयुष्य गेलं. त्यामुळं झाडाकडं पाहताना मला आधी त्याचा जमाखर्च दिसतो. तरोट्याचा जमाखर्च असा, की औषध म्हणून त्याला कधी भाव मिळाला नाही, आणि भाव मिळाला तेव्हा घेणाऱ्याला त्याच्या औषधाशी काही देणंघेणं नव्हतं. हा उलटा हिशेब कसा जुळला ते सांगायचं म्हणून लिहायला बसलो.

कोकणात ज्याला टाकळा म्हणतात तोच आमचा तरोटा. मृगाचा पहिला पाऊस पडला की आठवड्याभरात माळावर, बांधावर, पडक्या वाड्यांच्या आवारात, रस्त्याच्या दोन्ही कडांना त्याची रोपं दाटीनं उगवतात. एका देठावर पानांच्या तीन जोड्या, पान टोकाला रुंद आणि देठाकडं निमुळतं. सूर्य मावळला की समोरासमोरची पानं एकमेकांवर मिटतात. आम्ही लहानपणी म्हणायचो, तरोटा झोपला. पान चुरगाळलं की उग्र वास येतो, आणि हा वासच त्याचा राखणदार. गाय, म्हैस, शेळी कुणी हिरव्या तरोट्याला तोंड लावत नाही. म्हणून माळावरचं सगळं गवत चरून संपलं तरी हा तसाच उभा. श्रावण-भाद्रपदात पानांच्या बगलेत पिवळी फुलं येतात, बहुतेक जोडीनं. मग वीतभर लांबीच्या, सुतळीसारख्या बारीक शेंगा खाली वाकतात. दिवाळीनंतर झाड वाळतं, शेंगा तडकतात आणि आतलं तपकिरी, तुकतुकीत, तिरक्या कापाचं बी भुईवर सांडतं. त्याचं कवच असं टणक, की नखानं फुटत नाही. पुढचा मृग, नाहीतर त्याच्या पुढचा, कुठलाही त्याला चालतो.

लिनियसनं १७५३ साली या झाडाला कॅसिया टोरा हे नाव दिलं. आता शास्त्रज्ञ सेन्ना टोरा म्हणतात. बहावा त्याच्याच गोतातला. बहाव्याची पिवळी झुंबरं लोक उन्हाळ्यात फोटो काढायला जाऊन पाहतात, आणि पाऊस पडला की तरोटा पायानं तुडवतात. एका गोतात दोन नशिबं असतातच.

चरकसंहितेनं मात्र दोघांना एका ओळीत बसवलं आहे. सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय त्वचेवर लावायच्या लेपांचा आहे. बहाव्याच्या, म्हणजे आरग्वधाच्या नावानं तो अध्याय ओळखला जातो, आणि पहिल्याच योगात बहाव्याला लागून दुसरं नाव येतं ते एडगजाचं. एडगज म्हणजे आपला तरोटा. चक्रमर्द, प्रपुन्नाट, दद्रुघ्न ही त्याचीच नावं. कोड, खरूज, गजकर्ण असल्या दुखण्यांवर तेव्हापासून याचं बी वाटलं जात आहे. निजामाच्या राज्यात आमच्या भागात वैद्यांच्या बरोबरीनं हकीम होते, आणि युनानी वैद्यकातही हे बी आहेच. तिथं त्याला पंवाड म्हणतात. तालुका तेव्हा कंधारचा होता, लोहा त्यातलं एक गाव. औषधाला पैसा असलेला माणूस कंधारला जाई. नसलेला उकिरड्यावर जाई. औषध दोन्हीकडं बहुधा तेच.

आमच्या घरी हे खातं आजीकडं होतं. दिवाळीनंतर ती ओच्यात शेंगा तोडून आणायची, वट्ट्यावर वाळवायची आणि बी एका गाडग्यात भरून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवायची. कुणाच्या मानेवर, काखेत, मांडीत गजकर्णाचं गोल चक्र उठलं की मूठभर बी आंबट ताकात रात्रभर भिजत पडे. ताक जितकं आंबट तितकं बरं. घरातलं गोड ताक ती त्याला वापरत नसे, शिळं मागून आणे. सकाळी परसातल्या वेगळ्या दगडावर ते वाटायचं, कारण पाट्यावर वाटलं तर चार दिवस चटणीला वास. मग गोवरीच्या तुकड्यानं ते चक्र लाल होईस्तोवर घासायचं आणि वर लेप थापायचा. लेकरू बोंबललं की आजी म्हणे, "झोंबतंय ना? मग लागलंय औषध." लेप वाळून पोपडा होईपर्यंत उन्हात बसवून ठेवायची. असं आठ-पंधरा दिवस. त्या वासानं शाळेत शेजारी कुणी बसत नसे, हा वेगळा जाच.

गोवरीनं घासणं आज कुणी करू नये. त्वचा सोलवटून शेणाचा तुकडा लावणं म्हणजे नव्या दुखण्याला वाट देणं. पण ताकाची गोष्ट घ्या. मद्रासच्या फौजेतला एक डॉक्टर होता, व्हाइटलॉ एन्स्ली. १८२६ साली त्याचा 'मटेरिया इंडिका' हा ग्रंथ लंडनला छापला गेला. त्यात या बियांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय की देशी लोक खाजेच्या दुखण्यावर ती आंबट ताकात वाटून लावतात. पानांचा काढा दात येताना ताप आलेल्या लेकराला पोट साफ व्हायला देतात आणि पानं एरंडेलात परतून चिघळलेल्या जखमेवर बांधतात, हेही त्यात आहे. आमच्या आजीला मराठीची अक्षरओळख नव्हती, तिथं इंग्रजी कुठली. जुवानं बैलाचा खांदा सुजला की तीही एरंडेलातच तरोट्याची पानं परतायची. मद्रासचा इलाखा आणि कंधारचा तालुका यांच्यामध्ये निजामाची सगळी रियासत पसरलेली, आणि दोन्हीकडचं ताक आंबटच.

आता एक गंमत सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या औषधवाल्यांकडं गजकर्णावर एक महागडी पिवळी-तपकिरी भुकटी मिळायची. गोवा पावडर म्हणत तिला. पोर्तुगीजांच्या मार्फत गोव्याहून ती येई आणि मूळ काय ते गुपित. पुढं उलगडलं की ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातून ती काढतात. १८७५ साली अ‍ॅटफील्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ती तपासून सांगितलं, की यातलं मुख्य द्रव्य क्रायसोफॅनिक आम्ल आहे. नंतरच्या शास्त्रज्ञांनी त्या निष्कर्षात दुरुस्ती केली, पण गोत्र तेच राहिलं. तरोट्याच्या बियांतही त्याच गोत्राची द्रव्यं सापडली. तरोट्याची दखल घेणारा डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांचा 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा तीन खंडांचा ग्रंथ १८८९ ते १८९३ या काळात निघाला. त्यातला डायमॉक मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळणारा माणूस, बाजारात काय विकतं ते रोज पाहणारा. म्हणजे ब्राझीलची भुकटी गलबतानं गोव्याला, गोव्याहून मुंबईला येत होती, आणि तिचं चुलतभावंड घाटावरच्या प्रत्येक गावात फुकट तुडवलं जात होतं. व्यापाऱ्याच्या नजरेनं पाहिलं तर यात चुकीचं काही नाही. लांबून आलेल्या मालालाच भाव असतो, आणि गुपित असेल तर आणखी.

औषधाचं एवढं पुरे. आमच्या भागात तरोट्याची खरी आठवण काढायची तर ती दुष्काळाची.

एरवीही लोक त्याची भाजी करत. मृगाच्या पावसानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, रोप चार बोटं उंच असताना, वरचा कोवळा शेंडा खुडायचा. उकळत्या पाण्यात घालायचा आणि ते हिरवंकाळं पाणी फेकून द्यायचं. हे पाणी फेकणं फार महत्त्वाचं. वास त्यात जातो, आणि पोट ढिलं करणारा गुणही बराचसा त्यात जातो. मग हातानं पिळून, लसूण-मिरचीच्या फोडणीवर कांदा आणि भिजवलेली मुगाची डाळ घालून परतायची. वर शेंगदाण्याचं कूट असलं तर सण. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी चांगली लागते. वर्षातून एकदा खावी, पावसाळ्यात पोटाला बरी, असं म्हातारी माणसं म्हणत. अलीकडं कृषी विभाग ऑगस्टात रानभाज्यांचे महोत्सव भरवतो आणि तिथं तरोट्याची जुडी पाटी लावून ठेवलेली असते. ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण ऑगस्टातला तरोटा फुलावर आलेला असतो. तो जून झालेला पाला खाऊन कुणाचं त्या भाजीबद्दल मत बरं होईल असं मला वाटत नाही.

१९७२ च्या दुष्काळात भाजीची ही तिथी-मिती कुणी पाहिली नाही. त्याआधीची दोन सालं आमच्याकडं कमी पावसाचीच होती, आणि बहात्तरला तर पेरलेलं उगवून जळालं. मी तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होतो. वडील, माय आणि मी नालाबंडिंगच्या कामावर होतो. नंतर खडी फोडायला गेलो. सगळ्या महाराष्ट्रात १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्यातूनच पुढं वि. स. पागे यांची रोजगार हमी कायद्यात उतरली. आम्हाला अर्थात तेव्हा हे काही माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होती ती कामावर खायला मिळणारी सुकडी, आणि रेशनवर मिळणारी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. मिलोची भाकरी गरम असेपर्यंत तुटायची, गार झाली की दातांशी भांडायची. तिला तोंडी लावायला काय? तेल नाही, डाळ नाही, भाजीचा मळा तर विहिरीबरोबर आटलेला.

बहात्तरच्या पावसाळ्यात जे काही थेंब पडले त्यावर माळावर तरोटा उगवला होता. पिकं जळाली, हा हिरवा राहिला. बायका कामावरून येताना ओटीभर शेंडे घेऊन यायच्या. कोवळे संपले तेव्हा जून पानंही घेतली. मीठ घालून उकडायचं, पिळायचं आणि मिलोबरोबर खायचं. फोडणी नाही. पुष्कळांची पोटं बिघडली. उपाशी पोटी नुसता हा पाला खाल्ला की जुलाब होणारच. त्याची लाज अशी, की दुसऱ्या दिवशी बांधावर कामाला आल्यावर कोण किती वेळा उठून जातं त्यावरून कुणाच्या चुलीवर काय शिजलं ते कळायचं. माय आम्हाला बजावून ठेवायची, "कुणी इचारलं तर मेथी खाल्ली म्हणा." त्या वर्षी मेथी कुणाच्या घरी असणार? पण सगळे मेथीच सांगत.

लोक दुष्काळाची गोष्ट सांगताना त्र्याहत्तरचा उन्हाळा सांगून थांबतात. माझ्या मते तरोट्याचे सगळ्यात मोठे उपकार त्र्याहत्तरच्या जून-जुलैतले आहेत. पाऊस आला, माणसं कामावरून रानात परतली. पेरणीपुरतं बी कुठून कुठून उसनं आणलं. पण मूग-उडीद हाती यायला अजून दोन महिने होते, आणि ज्वारी तर लांबच. घरातला दाणा संपलेला आणि शेतात सगळं नुसतं कोंबावर. नेमक्या त्या पोकळीत तरोटा उगवला, कोवळा आणि भरपूर. डाळ नव्हती, पण निदान शेंडा लुसलुशीत होता. भाकरीत पीठ कमी पडलं तर चिरलेला तरोटा पिठातच मळायचे. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं त्यानंतर मरेपर्यंत तरोट्याला तोंड लावलं नाही. तिच्यासमोर नाव काढलं तरी ती उठून जाई. उलट माझे वडील दर मृगाला एकदा तरी मायला करायला लावत, आणि करून झाली की न बोलता खात.

दुष्काळ सरला तसा तरोटा ताटातून गेला. पैसा आलेल्या घरांनी आधी तो सोडला, मग बाकीच्यांनी. गरिबीचं खाणं म्हणून त्याला जो डाग लागला तो पुसला गेला नाही. औषध म्हणून तर तो त्याच सुमारास मागं पडला. गावात मेडिकल दुकान आलं, आणि दहा रुपयांत बिनवासाचं पांढरं मलम मिळू लागलं.

एवढ्यात मोंढ्यात एक नवीनच प्रकार सुरू झाला. दिवाळी झाली, खरिपाचा माल ओसरला, की बाहेरगावचा दलाल विचारू लागला, "तरोट्याचं बी मिळेल का?" आमच्या मालकांना आधी ती थट्टा वाटली. मग मराठवाड्यात आणि पलीकडं विदर्भातही हा व्यापार चांगलाच चालू आहे अशी माहिती आली. माल गुजरातेत जायचा. तिथल्या कारखान्यांत बियाचं टरफल काढून, आतली डाळ फोडून, दळून एक प्रकारचा डिंक करतात. पाण्यात टाकला की तो दाट होतो. परदेशात डब्यातलं मांसाचं खाणं घट्ट राहावं म्हणून तो वापरतात. त्यातलं पुष्कळसं कुत्र्यामांजरांसाठी. माणसांच्या खाण्यातही तो चालतो, युरोपात त्याला ई ४२७ असा क्रमांक आहे, पण त्याआधी औषधी गुणाची द्रव्यं त्यातून काढून टाकावी लागतात. मी हे ऐकलं तेव्हा मला आजीचं गाडगं आठवलं. तिनं ज्यासाठी बी जपलं तेच कारखान्यात आधी धुऊन टाकतात. राहिलेल्या चुरीचं जनावरांचं खाद्य होतं. हिरव्या तरोट्याला नाक मुरडणाऱ्या गाई-म्हशी ती खातात, हीही एक तऱ्हा. तसं पाहिलं तर बियाचा उद्योगाशी संबंध अगदीच नवा नव्हता. निळीच्या रंगकामात पूर्वी हे बी वापरत, असं जुन्या इंग्रजी ग्रंथांतून नोंदलेलं आहे. पण नीळ गेली आणि तो उपयोगही गेला.

बी गोळा करणं हे सगळं बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं काम. पहाटे दव असताना झाडं कापायची. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि बी जागेवरच सांडतं. कापलेले भारे डांबरी रस्त्यावर पसरायचे. नांदेड-लातूर रस्त्यावर त्या दिवसांत कडेनं असे काळपट पट्टे दिसायचे. एसटी, ट्रक, ट्रॅक्टर वरून गेले की मळणी फुकटात. मग झाडून, उफणून, कट्ट्यात भरून मोंढ्यात आणायचं. मोटारसायकलवाले वैतागायचे, चाक घसरतं म्हणून. ते खोटं नव्हतं. गुळगुळीत बियांवर ब्रेक लागत नाही.

काट्यावर मी असे. माल जोखण्याआधी मूठ भरून पाहायची. रस्त्यावरचा माल, म्हणून खडे आणि डांबराचे कण असायचेच. व्यापारी त्याचा कडता, म्हणजे वजनातली घट, कापायचा, आणि कडता किती यावर रोजची झकाझकी. एक मावशी तर ठरलेलं वाक्य बोलायच्या, "मुनीमसाब, खडे तुमच्या रस्त्याचे हायेत, माह्या झाडाचे न्हाईत." मी हसायचो आणि कडता कापायचो. मालकाचं मीठ खाल्लेलं होतं. मावशी पैसे मोजून घ्यायच्या, कनवटीला लावायच्या आणि समोरच्या दुकानातून तेल-मीठ-चहापत्ती घेऊन जायच्या. त्या पैशावर घरातल्या पुरुषाचा हक्क नव्हता, हे मला फार उशिरा उमगलं. तूर विकली की बाप्या यायचा पैसे घ्यायला. तरोट्याला कधी आला नाही.

आता यातली इतिहासाच्या दृष्टीनं अडचण सांगतो. तूर, कापूस, करडई यांच्या पट्ट्या शेतकऱ्याच्या नावानं फाटत, खातं निघे, उचल लिहिली जाई. तरोट्याचा माल किरकोळ, पाच-दहा किलोचा, रोखीचा. त्यामुळं माझ्याच वह्यांत तो 'किरकोळ खरेदी' या एका ओळीत जाई. नाव नाही, गाव नाही. उद्या कुणी लोह्याच्या मोंढ्याचा इतिहास लिहायला आमच्या वह्या उघडल्या, तर त्याला कळेल की अमुक साली तूर किती आली. त्या थंडीत कोणकोणत्या वाड्यांवरच्या बायका पहाटे उठून रस्त्यावर तरोटा पसरत होत्या ते कळणार नाही. दुष्काळी कामांच्या हजेरीपटावर निदान आमच्या मायचं नाव होतं.

गाजरगवताचं उलट आहे. त्याची तारीखवार हकिकत मिळते. १९५६ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सगळे सांगतात, आणि नंतर ते सगळ्या देशाच्या बांधांवर बसलं. त्याच्यावर उतारा म्हणून कृषी खात्याची मंडळी सांगतात, की तरोट्याचं बी फेका. तरोटा दाट उगवतो, सावली धरतो, गाजरगवताला वर येऊ देत नाही. सल्ला बरोबर आहे आणि काही गावांनी तसं करूनही पाहिलं. पण दरम्यान तरोट्याच्याच घरात एक परका शिरला आहे. हाही अमेरिकेकडचाच, सेन्ना युनिफ्लोरा. लांबून पाहिलं तर तरोटाच वाटतो. जवळ गेलं की खोडावर तांबूस लव दिसते. शेंगा बोटाच्या दोन पेरांएवढ्या, उभ्या आणि घोसात असतात. तरोट्याची शेंग लांब, बारीक, एकटी-दुकटी आणि वाकलेली. नांदेडच्या रस्त्याच्या कडेला आज जे दाट रान दिसतं ते पुष्कळ ठिकाणी या परक्याचं आहे. भाजी खुडणाऱ्या नव्या सुना फसतात, आणि मोंढ्यात भेसळ येते.

तिसराही एक सोयरा आहे, त्याच्याबद्दल मात्र थट्टा नको. कासविंदा. त्याची पानं टोकदार, जोड्या चार-पाच. शेंगा चपट्या. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनोरच्या भागात थंडीच्या दिवसांत लहान लेकरं अचानक बेशुद्ध होऊन दगावत. पुष्कळ वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी शोधून काढलं की पोरं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा खातात आणि त्याचं विष यकृत, स्नायू आणि मेंदूवर जातं. आमच्याकडंही कासविंदा माळावर आहे. झाडपाल्याचं कौतुक करणाऱ्यांनी आधी ही तीन झाडं लेकरांना ओळखायला शिकवावीत, मग कौतुक करावं.

गजकर्ण परत आलं आहे, तेही जोरात. मेडिकलवर मागितलं की मिळणाऱ्या काही मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञ कितीतरी वर्षं याविरुद्ध ओरडत आहेत. २०१८ साली अशी कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला सरकारनं मनाई केली. चिठ्ठी कोण मागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून कुणी लगेच तरोट्याकडं वळा असं मी म्हणणार नाही. आजीच्या लेपानं बरी झालेली पोरं मी पाहिली, आणि महिनाभर वास सोसून जिथल्या तिथं राहिलेलीही पाहिली. डॉक्टरकडं जावं, त्यानं सांगितलेले सगळे दिवस औषध लावावं. आजीनंही आठ-पंधरा दिवसांत एक दिवस खाडा होऊ दिला नाही. औषधापेक्षा तिचा तो नेम निम्मं काम करत असावा, असा माझा कयास.

मोंढ्यात तरोट्याची आवक आता फारच कमी झाली आहे. सोयाबीन आलं तसं तणनाशक आलं, आणि फवारा बांधापर्यंत जातो. लिंबोटीच्या धरणाचं पाणी जिथं पोचलं तिथली पडीक रानंही वहितीखाली आली. रस्ता रुंद झाला, त्याच्या कडा मुरुमानं भरल्या. पण ही कारणं माझी. गेल्या दिवाळीनंतर मी मालकांच्या मुलाला भेटायला दुकानावर गेलो होतो तेव्हा त्या कडत्यावर भांडणाऱ्या मावशींची सून तिथं सोयाबीनचा कट्टा घेऊन आली होती. तिला विचारलं, "तरोटा का नाही आणला औंदा?" ती म्हणाली, "मामा, सोयाबीन काढायला गेलं तर सांजच्याला हातात हजेरी येती. तरोटा आधी कापा, वाळवा, बडवा, अन् मग खड्याचा कडता. सासूबाईला दुसरं काम कुठं व्हतं?"